कलम ३२६ गावोगाव पोचवणारा माणूस

भारताच्या राज्यघटनेतले ३२६ वे कलम अगदी छोटे आहे. लोकसभेच्या आणि विधानसभांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने होतील, एवढेच ते सांगते. वयाची एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या प्रत्येक नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवण्याचा हक्क असेल. एकविसाचे अठरा पुढे फार उशिरा झाले. वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही असे हे कलम आहे. पण ते अमलात आणायचे म्हणजे किन्नौरच्या बर्फापासून त्रावणकोरच्या किनाऱ्यापर्यंत सतरा कोटींहून अधिक माणसे शोधायची, प्रत्येकाचे नाव लिहायचे, त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक खोली उभी करायची आणि तिथे त्याने दिलेले मत कोणाचे, हे कोणालाही कळणार नाही याची हमी द्यायची. यापूर्वी जगात कुठल्याही देशाने हे एवढ्या प्रमाणावर केलेले नव्हते. आणि आपल्याकडे ते करायचे काम एका सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडले. त्यांचे नाव सुकुमार सेन.

मुख्य निवडणूक आयुक्त म्हटले की टी. एन. शेषन हे नाव मराठी वाचकाला चटकन आठवते. सेन यांचे नाव सांगितले की बहुतेक जण विचारात पडतात. याचे मला दर वेळी नवल वाटते, कारण शेषन यांनी ज्या इमारतीची डागडुजी केली तिचा पाया सेन यांनी खणला होता, आणि खणताना त्यांच्यासमोर कुठलाही नकाशा नव्हता.

सेन बंगालचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि नंतर लंडन विद्यापीठात ते शिकले. लंडनला गणितात त्यांना सुवर्णपदक मिळाले. १९२० च्या दशकाच्या आरंभी ते आय.सी.एस. झाले, बंगालमधल्या जिल्ह्यांत फिरले, न्यायाधीश म्हणूनही त्यांनी काम केले. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मुख्य सचिव म्हणजे राज्याच्या प्रशासनातले सर्वांत वरचे पद. बहुतेक अधिकाऱ्यांची कारकीर्द या पदावर कृतार्थ होते आणि तिथेच संपते. सेन यांच्या बाबतीत तिथून पुढची आठ-नऊ वर्षेच इतिहासाची ठरली. त्यांचे धाकटे बंधू अशोककुमार सेन पुढे केंद्रात कायदामंत्री झाले. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ निवडणुका लढवणारा आणि दुसरा त्या घेणारा.

इथे घटनाकारांची एक दूरदृष्टी सांगायला हवी. घटनेतली बहुतेक कलमे २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, पण काही मोजकी कलमे घटना स्वीकारली त्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९४९ ला लागू झाली होती. निवडणूक आयोगाविषयीचे ३२४ वे कलम त्यांतले एक. म्हणून आयोग २५ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी, स्थापन झाला. पंच आधी नेमले गेले आणि मैदान नंतर खुले झाले. सेन यांनी मुख्य निवडणूक आयुक्तपदाची सूत्रे मार्च १९५० मध्ये घेतली. आज आयोगावर तीन आयुक्त असतात, तेव्हा सेन एकटे होते.

या पदाची रचनाच विलक्षण आहे. मुख्य निवडणूक आयुक्ताला काढून टाकायचे असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायला जी संसदीय प्रक्रिया लागते तीच लागते. म्हणजे संरक्षण न्यायाधीशाचे. पण हाताखाली माणसे किती? जवळपास नाहीतच. त्याच कलमात पुढे तरतूद आहे की आयोगाने मागितले तर राष्ट्रपती आणि राज्यपाल आपापले कर्मचारी त्याला उपलब्ध करून देतील. या ओळीचा अर्थ नीट लक्षात घेतला तर थक्क व्हायला होते. दिल्लीतल्या काही खोल्यांत बसलेले हे कार्यालय काही महिन्यांसाठी देशभरातले कलेक्टर, मामलेदार, तहसीलदार, पटवारी, तलाठी, शाळामास्तर आणि पोलीस उसने घेते, त्यांच्याकडून जगातले सर्वांत मोठे काम करून घेते आणि काम झाले की ज्याचा त्याला परत करते. सेन यांच्या हाती सत्ता होती ती एवढीच, सूचना लिहिण्याची. सूचना नेमकी असेल तर कामरूपचा मास्तर आणि कुलाब्याचा मास्तर एकच गोष्ट एकाच पद्धतीने करणार. ती मोघम असेल तर दोन लाख ठिकाणी दोन लाख प्रकार होणार.

सगळे श्रेय सेन यांना देणेही अन्यायाचे होईल, कारण याद्यांचे काम ते येण्याआधीच सुरू झाले होते. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव आणि समितीच्या सचिवालयातले अधिकारी यांनी १९४८ मध्येच प्रांतांना आणि संस्थानांना कळवले होते की प्रौढ मताधिकार गृहीत धरून याद्या करायला घ्या. घटना अजून लिहून व्हायची होती, नागरिक कोण याची व्याख्या ठरायची होती, आणि खाली गावात तलाठी मतदारांची नावे लिहू लागला होता. त्या आधीच्या ब्रिटिश काळात मत होते ते जमीन असलेल्यांना, कर भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना. आता घराचा मालक आणि त्याच घरात भांडी घासणारी बाई एकाच पानावर येणार होती.

या कामात पहिला मोठा पेच आला तो निर्वासितांचा. यादीत नाव लागायला ठरावीक काळ त्या ठिकाणी राहिल्याचा पुरावा लागे. पंजाबातून, सिंधमधून, पूर्व बंगालमधून सर्वस्व टाकून आलेला माणूस कसला पुरावा देणार? तो काल कल्याणच्या छावणीत होता, आज दिल्लीत आहे, उद्या कुठे असेल त्यालाच माहीत नाही. निर्वासितांच्या संघटनांनी पत्रांवर पत्रे पाठवली. सचिवालयाने मार्ग काढला तो असा, की या ठिकाणी कायम राहण्याचा माझा इरादा आहे, एवढे त्याने जाहीर केले तरी पुरे. कागद नसलेल्या माणसाच्या शब्दावर सरकारने विश्वास ठेवला. फाळणीच्या रक्तपातानंतर वर्षभरात, संशयाने सगळी हवा भरलेली असताना, काही सरकारी अधिकाऱ्यांनी घेतलेला हा निर्णय मला आपल्या प्रशासनाच्या इतिहासातल्या सर्वांत उदार निर्णयांपैकी एक वाटतो.

दुसरा पेच आला तो याद्या तयार झाल्यावर, आणि तो सोडवताना सेन यांचा कस लागला. उत्तर आणि मध्य भारतातल्या याद्यांत हजारो ठिकाणी बायकांची नावेच नव्हती. होते ते ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’. दारात आलेल्या परक्या पुरुषाला आपले नाव सांगायचे नाही, ही तिकडची रीत. नाव लिहिणाऱ्यानेही फार खोदून विचारले नाही. आता काय करायचे? दोन वाटा होत्या. आहे तशी यादी चालवून घ्यायची, म्हणजे आकडा फुगलेला दिसेल आणि कोणी तक्रार करणार नाही. किंवा नाव हवेच असा आग्रह धरायचा. सेन यांनी दुसरी वाट धरली. मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने झाली पाहिजे, आणि दुसऱ्याच्या नात्याने झालेली नोंद चालणार नाही, असे त्यांनी ठरवले. चूक दुरुस्त करायला मुदत दिली, काही ठिकाणी ती वाढवूनही दिली. त्यातून पुष्कळ नावे आली, तरीही शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या.

२८ लाख स्त्रियांचे मत गेले, हा आकडा लहान नाही, आणि त्या वेळी या निर्णयावर टीकाही झाली. मला स्वतःला तो कठोर पण बरोबर वाटतो. ‘अमक्याची बायको’ या नोंदीवर कोणीही बाई उभी करून मत टाकता आले असते. आणि त्याहून खोल कारण असे, की सरकारी कागदावर आपले नाव असणे हे मताइतकेच मोलाचे आहे. पुढच्या म्हणजे १९५७ च्या निवडणुकीपर्यंत ही अडचण बरीच ओसरली. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या सुनेचे नाव उंबऱ्याबाहेर उच्चारले गेले नव्हते तिथे ते मतदार यादीसाठी उच्चारले गेले.

यादी पूर्ण झाली तेव्हा तिच्यात १७ कोटी ३२ लाखांवर नावे होती. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून जरा हिशेब करू. ही यादी कोणी मोठ्याने वाचायला घेतली, दर सेकंदाला एक नाव, न झोपता, न जेवता, तर शेवटच्या नावापर्यंत पोचायला त्याला साडेपाच वर्षे लागली असती. ती टंकलिखित करायला आणि जुळवायला साडेसोळा हजार कारकून सहा-सहा महिन्यांच्या कराराने घेतले होते. छपाईला तीन लाख ऐंशी हजार रीम कागद लागला. म्हणजे मोटामोटी एका मतदारामागे एक ताव.

नेहरूंना ही निवडणूक १९५१ च्या वसंतातच व्हायला हवी होती. पंतप्रधानांची घाई समजण्यासारखी होती, कारण जनतेने न निवडलेल्या संसदेवर राज्य चालवणे त्यांना पटत नव्हते. सेन यांनी थांबायला सांगितले. त्यांची अडचण राजकीय नव्हती, ती अंकगणिताची होती. याद्या व्हायच्या होत्या, मतदारसंघ आखायचे होते, निवडणूक कशी घ्यायची हे सांगणारा लोकप्रतिनिधित्वाचा दुसरा कायदा संसदेत मंजूर व्हायचा होता आणि तो जुलै १९५१ मध्ये झाला. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या पंतप्रधानाला ‘अजून तयारी झालेली नाही’ असे सांगणारा अधिकारी आणि ते ऐकून घेणारा पंतप्रधान, ही जोडी आपल्याला लाभली.

मग आला खरा गमतीचा प्रश्न. मत द्यायचे कसे? १९५१ च्या जनगणनेत साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती, स्त्रियांत नऊ टक्क्यांहूनही कमी. उमेदवाराचे नाव वाचून त्यासमोर खूण करा, असे सांगून उपयोग नव्हता. खूण करायला पेन्सिल हातात धरावी लागते, आणि ती कधीच न धरलेले हात कोट्यवधी होते. यावर उत्तर असे काढले, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे वडाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतदाराने मतपत्रिका घ्यायची, आडोशामागे जायचे आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची. मतपत्रिकेवर काहीही लिहायचे नाही. वाचता न येणाऱ्या माणसाला मत गुप्तपणे देता यावे, कोणाचीही मदत न घेता देता यावे, याची ही सोय होती. हत्ती आणि वड ओळखायला शाळेत जावे लागत नाही.

या मतपत्रिका नाशिकच्या सरकारी प्रेसमध्ये छापल्या गेल्या, त्याच परिसरात जिथे देशाच्या नोटा छापतात. आकाराने एक रुपयाच्या नोटेएवढ्या. कागद आणि छपाई अशी की बनावट करणे अवघड जावे. मतपत्रिका नोटेसारखी जपली पाहिजे हा विचार मला फार आवडतो. ज्यांच्या हाती खरी नोट क्वचितच येई अशा माणसांच्या हाती नाशिकचा तो कागद एका दिवसासाठी आला.

पण उमेदवारागणिक पेटी म्हटल्यावर पेट्या किती लागणार? एका मतदान कक्षात लोकसभेचे पाच उमेदवार आणि विधानसभेचे पाच धरले तरी दहा पेट्या झाल्या. देशात असे कक्ष सुमारे दोन लाख, त्यांतले सत्तावीस हजारांहून अधिक केवळ स्त्रियांसाठी. गुणाकार केला की आकडा वीस लाखांवर जातो, आणि प्रत्यक्षात तेवढ्याच लागल्या. त्यांसाठी ८,२०० टन पोलाद खर्ची पडले.

यांतल्या सुमारे तेरा लाख पेट्या मुंबईच्या विक्रोळीत तयार झाल्या. गोदरेजचा तिथला कारखाना तेव्हा नवाच होता, भोवती झाडी आणि दलदल. कपाटे, तिजोऱ्या आणि कुलुपे करणाऱ्या या कंपनीला काही महिन्यांत मतपेट्या करून द्यायच्या होत्या, आणि एका पेटीची किंमत ठरली होती पाच रुपये. बाहेर कुलूप लावले की किंमत त्याच्या वर जायची. शेवटी कारखान्यातल्याच एका कामगाराने आतल्या बाजूने बसणारी कडी सुचवली आणि पेच सुटला. भरात असताना दिवसाला पंधरा हजारांच्या घरात पेट्या तिथून बाहेर पडत होत्या. आगगाडीने, ट्रकने, पुढे बैलगाडीने, आणि त्याच्याही पुढे डोक्यावरून. काही डोंगराळ गावांपर्यंत पोचायला आधी नदीवर पूल बांधावा लागला. हैदराबाद आणि कोलकात्याच्या कारखान्यांनीही पेट्या केल्या, पण विक्रोळीचा वाटा निम्म्याहून अधिक भरतो. विक्रोळीकरांनी याचा अभिमान बाळगावा.

दोनदा मत देणाऱ्याला अडवायचे कसे, यावर उपाय होता बोटाची शाई. आज ती इतकी सवयीची झाली आहे की तिच्यामागचे रसायन कोणी विचारत नाही. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. त्वचेवरच्या क्षारांशी त्याचा संयोग होतो, उजेड लागला की चांदीचे बारीक कण काळे पडतात, आणि ते कातडीतच बसलेले असल्यामुळे साबणाने, तेलाने, चुन्याने काही केल्या निघत नाहीत. ती कातडी झडून नवी येईपर्यंत डाग राहतो. पहिल्या निवडणुकीत या शाईच्या ३,८९,८१६ कुप्या वापरल्या गेल्या. म्हैसूरच्या कारखान्याची प्रसिद्ध शाई मात्र नंतरची, १९६२ पासूनची.

मत पडायला सुरुवात झाली ती २५ ऑक्टोबर १९५१ ला, हिमाचल प्रदेशातल्या चिनी आणि पांगी या तहसिलांत. चिनी म्हणजे आजचा किन्नौरमधला कल्पा भाग. बाकी देशाचे मतदान हिवाळ्यात होणार होते, पण तोवर तिथल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या असत्या. म्हणून त्यांना आधी संधी. तिथले शाळामास्तर श्यामसरण नेगी हे स्वतंत्र भारताचे पहिले मतदार मानले जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या एकशे पाचाव्या वर्षी, टपाली मत देऊन अवघ्या काही दिवसांनी ते गेले. किन्नौरच्या लोकांनी मत दिले आणि आपण कोणाला निवडले हे कळायला त्यांना बर्फ वितळायला लागेपर्यंत थांबावे लागले, कारण उरलेल्या देशाचे मतदान २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले होते. इतके लांबवण्याचे कारण मनुष्यबळ. ५६ हजार केंद्राध्यक्ष, दोन लाख ऐंशी हजार मदतनीस आणि दोन लाख चोवीस हजार पोलीस सगळीकडे एकाच दिवशी उभे करणे शक्य नव्हते. एका भागातले काम उरकून तीच माणसे पुढच्या भागात जात.

आपल्याकडचा नकाशा तेव्हा किती वेगळा होता हेही आठवायला हवे. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबाद राज्यात. मराठवाड्याचा विचार करा. सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथे निजामाची राजवट होती, रझाकारांची दहशत होती. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत नांदेड-परभणीचा शेतकरी रांगेत उभा राहून ठरवत होता की राज्य कोणी करायचे. गोव्यातल्या माणसाला मात्र हा हक्क मिळायला १९६१ च्या मुक्तीनंतर आणखी थांबावे लागले. तिथे पहिली विधानसभा निवडणूक झाली ती डिसेंबर १९६३ मध्ये.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणे खरे होणार नाही. नागा टेकड्यांत बहिष्कार पडला. अनेक मतदारसंघ द्विसदस्य होते, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या असत. हे अनेकांना उमगले नाही. मुंबई शहर उत्तर हा असाच मतदारसंघ. तिथल्या राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला, त्यांचाच पराभव त्या घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत झाला. तिथे सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. बाबासाहेबांनी आणि समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी त्याविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली. ही जखम महाराष्ट्र अजून विसरलेला नाही, आणि विसरूही नये. द्विसदस्य मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

पेट्यांच्या पद्धतीतही दोष निघाले. कोणी मतपत्रिका पेटीत न टाकता वर ठेवून आला, कोणी पेटीला हात जोडले, कोणी मताबरोबर आत चिठ्ठी किंवा नाणे सारले. पेट्यांची संख्या उमेदवारांबरोबर वाढत जाई. लोकांचा हात बसल्यावर, १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. पण दहा वर्षांचा तो मधला काळ वाया गेला नाही. त्या दहा वर्षांत देश मत द्यायला शिकला.

निकाल सर्वांना माहीत आहे. ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरी आहे. सुमारे ४५ टक्के मतदारांनी मत दिले. एकूण खर्च आला १० कोटी ४५ लाख रुपये, म्हणजे दर मतदारामागे साडेनऊ आण्यांच्या आसपास. आणि हरलेल्यांनी निकाल मानला. बहुसंख्य निरक्षर असलेला देश हे करू शकणार नाही, असे म्हणणारे देशात आणि देशाबाहेर पुष्कळ होते. त्यांना उत्तर भाषणाने दिले गेले नाही, ते याद्यांनी, पेट्यांनी आणि शाईने दिले. स्त्रियांना पुरुषांबरोबरच, त्याच दिवशी, त्याच यादीने मत मिळाले. स्वित्झर्लंडच्या स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ उजाडावे लागले.

सेन यांची कीर्ती मग बाहेर गेली. १९५३ मध्ये सुदान स्वातंत्र्याच्या वाटेवर होता आणि तिथे पहिली संसदीय निवडणूक घ्यायची होती. त्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगावर ब्रिटन, अमेरिका, इजिप्त आणि सुदान यांचे सदस्य होते, आणि अध्यक्ष होते सुकुमार सेन. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या देशाचा अधिकारी, एकेकाळी त्यांच्याच सेवेत भरती झालेला, आता त्यांच्या प्रतिनिधीसह बसलेल्या आयोगाचा अध्यक्ष. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९५७ ची दुसरी निवडणूकही त्यांनीच घेतली, आणि तिच्या खर्चाचा आकडा ऐकण्यासारखा आहे. मतदार वाढले होते, तरी खर्च १० कोटी ४५ लाखांवरून ५ कोटी ९० लाखांवर आला. याचे एक मोठे कारण असे, की पहिल्या निवडणुकीनंतर सेन यांनी सगळ्या पेट्या नीट जपून ठेवायला लावल्या होत्या. पोलादाच्या पेट्या, जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोठारांत, मोजून, नोंद करून. देशाची पहिली निवडणूक यशस्वी झाल्याच्या आनंदात पेट्यांच्या साठवणुकीचे परिपत्रक काढायची आठवण ज्याला राहते, तो अधिकारी मला फार मोठा वाटतो.

डिसेंबर १९५८ मध्ये ते या पदावरून उतरले. त्यानंतर नव्या बर्दवान विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना बस्तर आणि कोरापूटच्या जंगलात वसवण्याची दंडकारण्य योजना होती, तिच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. आपल्या गडचिरोलीला लागून असलेला हा मुलूख. निर्वासितांची नावे असलेल्या मतदार याद्यांवर ज्याने पहिली निवडणूक घेतली, त्याच्याकडे पुढे निर्वासितांना जमीन देण्याचे काम यावे, हा योग विलक्षण आहे.

सेन यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. इतिहासकारांना त्यांची खासगी कागदपत्रेही सापडत नाहीत. त्यांच्या हातचा मोठा ऐवज म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा अहवाल, १९५५ मध्ये दोन खंडांत छापलेला. इंग्रजीत आहे, सरकारी भाषेत आहे, आणि पानापानावर थक्क करणारा आहे. पेट्या कशा बनल्या, नावे का वगळली, कुठे काय चुकले, पुढच्या वेळी काय बदलावे, सगळे त्यात सांगितले आहे. कोणत्याही मराठी प्रकाशकाने तो मराठीत आणावा. आणि तोवर, ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी त्याचा पहिला खंड मिळवून स्त्रियांच्या नावांविषयीचा भाग तरी जरूर वाचावा.